चौदावी प्रत

रोज सकाळी चहा गाळून झाला की प्रणिता वाकचौरे फोनवर वडिलांबद्दलची दोन-तीन वाक्यं वाचत असे. "काल नाना सहा वेळा स्वयंपाकघरात गेले. दुपारी चार वाजता मागच्या खोलीत चाळीस फेऱ्या मारल्या. चाल स्थिर. झोप शांत." आणि वर एक हिरवा ठिपका. ठिपका पाहिला की ती निवांत चहा प्यायची आणि कामाला बसायची. काम त्याच घरात, खिडकीशी लावलेल्या टेबलावर. पुण्याच्या धायरीत अकराव्या मजल्यावर ती एकटी राहत होती. मीटिंग आठवड्यातून दोनदा असायची. बाकीचे दिवस तिचा आवाज कुणाच्या कानावर पडण्याचं काही कारण नव्हतं.

२०३९ सालचा जानेवारी होता. 'पाऊलसाद' येऊन सहा वर्षं झाली होती. भिंतीच्या कडेला, फरशीला चिकटवून ठेवायची साबणाच्या वडीएवढी एक डबी. माणूस चालला की जमिनीत बारीक कंपनं उठतात. टाच आधी पडते की पंजा, एक पाय किंचित घासतो का, दोन पावलांमध्ये किती वेळ जातो, हे सगळं त्या कंपनांत असतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. डबी पंधरा दिवसांत घरातल्या माणसाची चाल शिकून घेई. मग तो माणूस उठला, बसला, पडला, रात्री किती वेळा मोरीत गेला, हे तिला कॅमेऱ्याशिवाय कळे. दुखणं अंगावर येण्याआधी दोन दिवस चाल बदलते, तेही ती ओळखायची. दूर राहणाऱ्या मुलांना हे सगळं वेबपानावर दिसे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे चौकशी करा, लाल म्हणजे धावा, काहीच माहिती नसेल तर राखाडी.

तीन-चार वर्षांत एक गोष्ट बदलली आणि ती कुणाच्या फारशी लक्षातही आली नाही. मुलांनी फोन करणं कमी केलं. पूर्वी 'कसे आहात' विचारायला फोन करावा लागायचा. आता ते आधीच कळलेलं असे.

प्रणिता ही वेबपानं सांभाळणाऱ्या टीममध्ये होती. त्या मंगळवारी तिच्यापुढे एक कंटाळवाणं काम होतं. पाऊलसाद पहिल्यांदा एका जिल्ह्यात सुरू झालं तेव्हा कुटुंबाचं पान एकदाच लिहिलं गेलं होतं. पुढच्या जिल्ह्याची घाई होती म्हणून कुणीतरी तोच कोड उचलून तिथे चिकटवला. मग तिसरीकडे, मग चौथीकडे. अशा चौदा प्रती झाल्या. कोड लिहून देणारी यंत्रं आल्यावर हा आजार वाढलाच, कारण नक्कल करायचा कंटाळा माणसाला कधीतरी येतो, यंत्राला येत नाही. आता चौदांची एकच प्रत करायची होती. तपासणी करणाऱ्या यंत्राने सांगितलं होतं की चौदाही प्रती जवळजवळ सारख्या आहेत, कोणतीही एक ठेवा. त्या 'जवळजवळ'वर विसंबायचं नाही, एवढी सवय प्रणिताला होती. ती प्रती शेजारी शेजारी लावून डोळ्यांनी वाचत गेली.

तेरा प्रतींत एक ओळ होती. चौदाव्या प्रतीत ती नव्हती.

प्रोग्राम घरांची यादी घेतो आणि एकेका घरापाशी जातो. त्याच्या हातात जणू एक पाटी असते. घरातून आलेली दिवसभराची हालचाल तो पाटीवर लिहितो, पाटी पाहून ठिपक्याचा रंग ठरवतो, वाक्यं जुळवतो, त्यांना घरातल्या माणसाचं नाव जोडतो आणि पुढच्या घराकडे वळतो. नव्या घरापाशी पोचल्यावर पाटी पुसून तिच्यावर आधी 'माहीत नाही' असं लिहायचं असतं. तेरा प्रतींतली ती ओळ हेच करत होती. चौदाव्या प्रतीत पाटीला सुरुवातीची अशी काही किंमतच दिलेली नव्हती. घरातून माहिती आली तर जुना मजकूर जाऊन नवा येई, म्हणून रोज सगळं नीट चाललेलं दिसायचं. पण एखाद्या घरातून काहीच आलं नाही, तर पाटीवर आधीच्या घराचा मजकूर तसाच राहायचा, आणि त्याला या घरातल्या माणसाचं नाव लागायचं.

ही चूक मूळ प्रतीत चार वर्षांपूर्वीच सापडली होती आणि दुरुस्तही झाली होती. दुरुस्ती करणाऱ्याने आठवणीने बारा प्रती गाठल्या. चौदावीची त्याला कल्पनाच नव्हती, कारण ती त्याच आठवड्यात तयार झाली होती. प्रणिताने फाइलच्या माथ्यावरचं नाव पाहिलं. ते तिचंच होतं.

तिला तो आठवडा आठवला. आई जाऊन महिना झाला होता. नाना प्रवरेकाठच्या अकोल्याला एकटे पडले होते आणि पाऊलसाद अकोले तालुक्यात यायला अजून वेळ होता. तिने वरिष्ठांच्या मागे लागून परवानगी काढली, एका संध्याकाळी कोड उचलला, चिकटवला, जिल्ह्याच्या जागी तालुक्याचं नाव घातलं आणि शनिवारी जाऊन स्वतःच्या हाताने नानांच्या घरात डबी बसवली.

आता तिने घरांतून खरंच आलेली माहिती बाजूला काढली आणि पानांवर दिसणाऱ्या ठिपक्यांशी ताडून पाहिली. एकतीस घरं निघाली. तिथून काहीही येत नव्हतं आणि ठिपका हिरवा होता. ती यादी वाचत खाली आली. सव्विसाव्या ओळीत लिहिलं होतं: रंगनाथ वाकचौरे, अकोले. शेवटची नोंद १५ जून. दोनशे सतरा दिवसांपूर्वी.

तिने फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. मग शेजारच्यांना लावावा म्हणून नावं शोधायला गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं की अकोल्यातल्या दुसऱ्या कुणाचाही नंबर तिच्याकडे नाही.

तिने टीमप्रमुख रुबीना शेखला कॉल केला.

"चौदाव्या प्रतीत पाटी पुसलेलीच नाही, रुबीना. व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत नाही. एकतीस घरांचा हिरवा खोटा आहे."

"कधीपासून?"

"प्रत्येकाचं वेगळं. सगळ्यात जुनं दोन वर्षांचं."

"थांब. मी वर विचारते. एकदम सगळे ठिपके राखाडी झाले तर त्या घरांत घबराट उडेल."

"उडायलाच हवी."

"प्रणिता, ऐक—"

"सव्विसाव्या नंबरवर माझे वडील आहेत. फोन उचलत नाहीयेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "दुरुस्ती चढव," रुबीना म्हणाली. "वरचं मी बघते. तू निघ. आणि ती प्रत कुणी केली होती, ते कळलं?"

"मी."

तिने ती एक ओळ घातली, पान चढवलं आणि एकतीस हिरवे ठिपके राखाडी होताना पाहिले. मग लॅपटॉप आणि पर्स उचलून निघाली.

शिवाजीनगरहून अकोल्याची गाडी अकराला होती. गाडी नारायणगावच्या पुढे गेली तरी ती नंबर लावत होती. मधल्या वेळात तिने नानांबरोबरच्या कॉलची यादी उघडली. जूनमध्ये आईच्या श्राद्धाला ती गेली होती. त्यानंतर एकच कॉल होता, दिवाळीतला, दीड मिनिटाचा. तो तिला शब्दन् शब्द आठवला, कारण त्यात शब्दच थोडे होते.

"फराळाचं पार्सल मिळालं ना, नाना?"

"मिळालं."

"या वेळी जमलं नाही यायला, काम आहे. पण तुमच्या फेऱ्या दिसतात मला. रोज चार वाजता. छान वाटतं बघून."

नाना म्हणाले होते, "चार वाजता?" तिला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. ती म्हणाली होती, "हो, चालू ठेवा," आणि फोन ठेवला होता.

अकोल्याच्या घराला कुलूप होतं. ओसरीवर दोन दिवसांची वर्तमानपत्रं पडली असती तर तिने काय केलं असतं कुणास ठाऊक, पण ओसरी झाडलेली होती. शेजारच्या अंगणात एक बाई मिरच्या वाळत घालत होती. तिने प्रणिताला ओळखलं नाही.

"नाना ना? नदीवर असतील. चारचा आकडा घेतात ना ते. सकाळीच फोन घरी ठेवून जातात, दिवसभर तिकडेच."

चारचा आकडा. प्रणिता तिथेच उभी राहिली. नाना पाटबंधारे खात्यात होते. प्रवरेच्या पाण्याची पातळी मोजणं हे त्यांचं बत्तीस वर्षांचं काम. सकाळी आठ, दुपारी बारा, चार. तिच्या लहानपणी दुपारी चार वाजता नाना घरात असण्याची गोष्ट एकदाही घडली नव्हती. हे जगात कुणाला ठाऊक असायला हवं होतं तर ते तिला.

नाना घाटाच्या खालच्या पायरीवर उभे होते. समोर पाण्यात आकड्यांचा जुना खांब होता. पातळी मोजायला कधीचंच यंत्र बसलं होतं, या खांबाकडे आता कुणी बघत नव्हतं. नानांनी चष्मा कपाळावर ढकलला, आकडा वाचला आणि काखेतल्या वहीत लिहिला. मग वळून पाहिलं.

"तू?" ते म्हणाले. "सुट्टी आहे का आज?"

ती पायरीवर बसली आणि रडू लागली. नाना गोंधळले. ते शेजारी बसले, हातातली वही कुठे ठेवावी ते न कळून त्यांनी ती तिच्याच मांडीवर ठेवली, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत नदीकडे बघत राहिले.

जरा वेळाने तिने उगाचच वही उघडली. तारखा, वेळा, आकडे. शाई निळी, अक्षर खात्यात असतानाचंच, काटकोनी. ऑगस्टच्या पानावर ती थांबली. सोळा दिवस आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा होत्या.

"हे काय?"

"घेतला नाही आकडा. मग रेघ. कालचाच आकडा उतरवला तर बघणाऱ्याला वाटतं, पाणी होतं तेवढंच आहे. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं."

"का नाही घेतला?"

नानांनी शर्टाची बाही वर केली. डावं मनगट किंचित वाकडं जुळलं होतं. "मोरीत घसरलो. संगमनेरला दवाखान्यात होतो. शेजारच्या भाऊसाहेबाने नेलं. सहा तास पडून होतो, मग दूधवाल्याने हाक ऐकली."

"नाना, डबी बंद होती."

"मीच बंद केली. तू जूनमध्ये गेलीस त्याच दिवशी."

"का?"

पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं, तिकडे ते बघत राहिले.

"तुझी आई होती तोवर तुझा फोन यायचा. डबी बसवलीस आणि बंद झाला. मला वाटलं, डबी बंद केली तर तुला काळजी वाटेल, मग फोन येईल." ते खजील झाल्यासारखे हसले. "आठ दिवस वाट बघितली. मग महिना. पडलो तेव्हा वाटलं, आता तरी. दिवाळीत आला फोन. तू म्हणालीस, चार वाजता फेऱ्या मारता. मी चार वाजता इथे असतो. म्हटलं, हिच्या मशीनमध्ये कुणीतरी दुसराच म्हातारा फिरतोय आणि हिला तो चालतोय. मग मी कशाला मध्ये येऊ?"

"मला वाटायचं ते तुम्हीच आहात. मी रोज वाचायचे, नाना. एक दिवस चुकवला नाही."

"असेल," नाना म्हणाले. "पण ते मला कसं कळणार?"

संध्याकाळी घरी रुबीनाचा फोन आला. एकतीसपैकी एकोणतीस घरांचा पत्ता लागला होता. बऱ्याच डब्या नुसत्या बिघडल्या होत्या. कोतूळमधल्या एका आजोबांना पुतण्याने सव्वा वर्षापूर्वी वृद्धाश्रमात ठेवलं होतं आणि त्यांचा कॅनडातला मुलगा रोज सकाळी त्यांचं रिकामं घर हिरवं बघत होता. उरलेल्या दोन घरी माणसं पाठवली होती.

"वरचे लोक म्हणतायत राखाडी नको," रुबीना म्हणाली. "लोक घाबरतात. सुरुवातीची किंमत 'ठीक' ठेवू या, असं चाललंय."

"मग मी तशी एक प्रत कोर्टात पुरावा म्हणून काढून ठेवते म्हणावं."

रुबीना हसली नाही. "तसंच सांगितलंय मी त्यांना," ती म्हणाली.

प्रणिताच्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. तिने लॅपटॉप उघडून तालुक्यातल्या सगळ्या घरांच्या यादीत नानांच्या आधीचं घर पाहिलं. बुधाबाई मेंगाळ, वय चौऱ्याहत्तर, राजूरजवळची वाडी. एकट्या राहणाऱ्यांसाठीच्या योजनेतून डबी बसवलेली. कुटुंबाचं पान तयार होतं, पण बघणाऱ्यांच्या यादीत एकही नाव नव्हतं. ते पान आजवर कुणी उघडलेलंच नव्हतं.

"सात महिने मी हिला वाचत होते," ती नानांना म्हणाली.

नानांनी चष्मा लावून नाव वाचलं. "राजूर काय लांब आहे? उद्या जाऊ की."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वाडीत पोचले तेव्हा बुधाबाई दारात बसून नाचणी निवडत होत्या. काटक, बुटक्या, डोक्यावरचा पदर घट्ट. दोघांना पाहून त्या म्हणाल्या, "डबी न्यायला आलात का?"

"नाही आजी. सहज. तुम्ही बऱ्या आहात ना, बघायला."

बुधाबाईंनी पाट दिले, पाणी दिलं. बोलण्याच्या ओघात प्रणिताने विचारलं, "चार वाजता तुम्ही आतल्या खोलीत फिरता ना? दुखणंबिखणं आहे का काही?"

"नाय गं. डबी लावनारा पोऱ्या म्हनला, चाललं का यात दिसतंय आन् कोनतरी बगतंय. मला कोन हाय बगायला? पर म्हनलं, आसंल सरकारात कोनी. त्याला वाटाया नको म्हातारी मेली. म्हनून रोज चाळीस फेऱ्या घालते. दिवस कलला का घर लई मोठं वाटतंय, तवाच घालते." त्या थांबल्या. "बगतंय का पर कोनी?"

प्रणिताने नानांकडे पाहिलं. नाना पाण्याच्या तांब्याकडे बघत होते.

"मी बघते, आजी," ती म्हणाली. "रोज सकाळी."

"बरं झालं," बुधाबाई म्हणाल्या आणि पुन्हा नाचणीकडे वळल्या. जरा वेळाने त्यांनी पदराच्या टोकाने डोळे पुसले. परतीच्या गाडीत प्रणिताने त्यांच्या पानावर स्वतःचं नाव घातलं. नात्याच्या रकान्यापाशी ती अडली. मुलगी, सून, पुतणी, असे बरेच पर्याय होते.

"काय लिहू, नाना?"

"ओळखीची," नाना म्हणाले. तसा पर्याय नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने तो कोडमध्ये घातला, एकाच ठिकाणी, कारण चौदा प्रतींची आता एकच प्रत झाली होती.

ती पुण्याला परतली. नानांनी डबी पुन्हा चालू करायला साफ नकार दिला होता, तेव्हा त्यांचा ठिपका राखाडीच राहिला. तिने रोज संध्याकाळी फोन करायचं ठरवलं. पहिले काही दिवस कठीण गेले. जेवलात का, जेवलो. पाणी किती, अमुक इतकं. हात दुखतो का, नाही. पन्नासएक सेकंदांत दोघांकडचं सगळं संपायचं आणि मग कुणी आधी ठेवायचा, एवढंच उरायचं. कुणी अडवलेलं नव्हतं, कुणी भांडलेलं नव्हतं. बोलायचं काय, तेच दोघांना आठवत नव्हतं. एकदा तर तिने फोनआधी कागदावर तीन प्रश्न लिहून ठेवले, आणि तिसरा विचारताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

नवव्या दिवशी प्रश्न संपल्यावर ती सहज म्हणाली, "डिसेंबरात मला ताप आला होता. तीन दिवस उठवत नव्हतं."

"जवळ कोण होतं?"

"कुणी नाही."

"खाल्लंस काय?"

"बिस्किटं. पाणी पलंगाशी ठेवलं होतं."

तिला वाटलं, लाइन तुटली. मग नाना म्हणाले, "मला कळवलं नाहीस."

"नाही."

"हं."

ती निरोप घ्यायला तोंड उघडणार तेवढ्यात ते घाईने म्हणाले, "ठेवू नकोस. मी कांदा चिरून ठेवलाय, तेल तापतंय. फोडणी टाकतो. राहू दे चालू. तू जेवलीस का?"

"नाही अजून."

"मग तूही काहीतरी कर."

नानांनी फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मोहरी तडतडली. झाऱ्या कढईवर घासला. मीठ कुठे गेलं म्हणून ते स्वतःशीच पुटपुटले, मग सापडलं असावं. प्रणिताने फोन स्पीकरवर टाकला, फ्रिजमधून दोन अंडी काढली आणि गॅस पेटवला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिकडे ताट मांडल्याचा आवाज आला, पाट ओढला गेला, आणि नाना म्हणाले, "बसलो बघ मी."

"मीही बसले," ती म्हणाली, आणि दोघं जेवू लागली.